पिनकोडापासून बारा अंकी संख्येपर्यंत : मोठ्या संख्येचे मूळ अवयव कसे पाडावेत

सांगली शहराचा पिनकोड ४१६४१६ आणि सातारा शहराचा ४१५००१. टपालाच्या वर्गवारीत नोकरीची बहुतेक वर्षे गेल्यामुळे हे दोन आकडे माझ्या नजरेखालून किती वेळा गेले असतील याची गणतीच नाही. तरीही त्यांच्याकडे संख्या म्हणून पाहण्याची बुद्धी निवृत्तीनंतर झाली. एका दिवाळीला साताऱ्याच्या बहिणीला भेटकार्ड पाठवताना पाकिटाच्या मागे मी मोठ्या ऐटीत लिहिले, ‘तुमचा पिनकोड ही मूळ संख्या आहे.’ आठ दिवसांनी भाच्याचे पोस्टकार्ड आले. त्यावर एकच ओळ होती : ‘मामा, ६१३ गुणिले ६७७ करून पाहा.’ मी १९९ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन कंटाळलो होतो आणि त्या कंटाळ्यालाच सिद्धता समजून बसलो होतो.

ती चूक तुमच्याकडून होऊ नये, यासाठी हा लेख. एखादी मोठी पूर्ण संख्या समोर आली की तिला किती विभाजक आहेत, त्यांची बेरीज किती, ती मूळ आहे की संयुक्त, ती पूर्ण वर्ग आहे का, असे अनेक प्रश्न विचारले जातात. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना तर ते हमखास भेटतात. या सगळ्यांचे उत्तर एकाच ठिकाणी असते, ते म्हणजे त्या संख्येच्या मूळ अवयवांत. म्हणून खरे कष्ट अवयव पाडण्याचे आहेत. पुढचे सगळे गुणाकाराचे काम आहे.

जवळ काय असावे

- चौकटीची वही. अंक एकाखाली एक आले नाहीत तर निम्म्या चुका तिथेच होतात.
- १००० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी. अशा १६८ संख्या आहेत. यादी स्वतः चाळणीच्या पद्धतीने, म्हणजे प्रत्येक मूळ संख्येच्या पटी खोडत जाऊन, तयार केल्यास एक दुपार जाते, पण ती दुपार वाया जात नाही.
- १ ते १०० यांचे वर्ग, शक्यतो तोंडपाठ.
- साधे गणकयंत्र. त्याच्या पडद्यावर किती अंक मावतात, हे आधी पाहून ठेवा.

१. संख्या उतरवून घ्या आणि स्वल्पविराम काढून टाका

आपण लाख-कोटींच्या हिशेबाने स्वल्पविराम देतो, म्हणजे शेवटचे तीन अंक सोडले की पुढे दोन-दोनांचे गट पडतात. खाली येणाऱ्या एका कसोटीला मात्र उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट लागतात. ४,१६,४१६ असे लिहिलेल्या संख्येत गट ४१६ आणि ४१६ असे आहेत हे डोळ्याला दिसतच नाही. माझा स्वतःचा पिनकोड मला इतकी वर्षे दिसला नाही, त्यात या स्वल्पविरामाचाही वाटा असावा.

उतरवताना होणारी नेहमीची चूक म्हणजे शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल. वर्गवारीच्या टेबलावर ४१६४१० चे ४१६४०१ झालेले मी पुष्कळदा पाहिले आहे. मूळ कागदाशी एकदा उलट्या क्रमानेही ताडून पाहावे.

२. आधी स्वस्त कसोट्या लावा

२, ३, ५, ९ यांच्या कसोट्या शाळेत झालेल्या आहेत; त्यांवर वेळ घालवत नाही. ७, ११ आणि १३ यांच्यासाठी मात्र एक एकत्रित कसोटी आहे, आणि ती फार कमी जणांना माहीत असते. ७ × ११ × १३ = १००१. त्यामुळे संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून पहिल्या गटातून दुसरा वजा करावा, तिसरा मिळवावा, चौथा वजा करावा, असे शेवटपर्यंत जावे. जी लहान संख्या उरेल तिला ७, ११ किंवा १३ यांपैकी ज्याने भाग जाईल त्यानेच दिलेल्या संख्येलाही जाईल.

सांगलीच्या पिनकोडात ४१६ − ४१६ = ०. शून्याला तिघांनीही भाग जातो, म्हणून ४१६४१६ = ४१६ × १००१. आता ४१६ = ३२ × १३. म्हणजे

४१६४१६ = २⁵ × ७ × ११ × १३².

दोन ओळींत काम संपले. इथे एक सापळा आहे : १३ हा अवयव १००१ मध्ये एकदा आला आणि ४१६ मध्ये पुन्हा एकदा. एकदा सापडलेल्या अवयवाने पुन्हा भाग जातो का, हे पाहायला नवशिके विसरतात आणि १३ चा घातांक १ लिहून मोकळे होतात.

साताऱ्याच्या पिनकोडाला हीच कसोटी लावली तर १ − ४१५ = −४१४ येते. ४१४ ला ७ ने भागल्यास बाकी १, ११ ने भागल्यास ७, १३ ने भागल्यास ११. संख्या विषम आहे, अंकांची बेरीज ११ आहे, शेवटी ५ किंवा ० नाही. सगळ्या स्वस्त कसोट्या संपल्या आणि हाती काहीच लागले नाही. अशा संख्येशीच खरी गाठ असते.

३. भाग कुठवर द्यायचा ते आधी ठरवा

संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमुळाइतका किंवा त्याहून लहान असलाच पाहिजे; कारण दोन्ही अवयव वर्गमुळाहून मोठे असते तर त्यांचा गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता. ४१५००१ चे वर्गमूळ ६४४ च्या थोडे पुढे आहे. म्हणून ती मूळ आहे असे म्हणण्यापूर्वी ६४३ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी, म्हणजे ११७ संख्यांनी, भाग देऊन पाहावा लागतो. मी ४६ व्या संख्येवर थांबलो होतो. उत्तर ११२ व्या संख्येवर होते.

वाटेत ८३ ने भाग देताना ५००० × ८३ = ४१५००० येते आणि बाकी अवघी १ उरते. अशा वेळी ‘जवळजवळ गेला’ म्हणून मन हुरळते. भागाकारात जवळजवळ असे काही नसते; १ उरला काय आणि ८२ उरले काय, भाग गेला नाही एवढेच खरे.

४. वर्गांतराची रीत : आधी ही करून पाहा

भाच्याने ११२ भागाकार केलेच नव्हते. त्याने सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा याची रीत वापरली होती, आणि ती शाळेतल्या अ² − ब² = (अ − ब)(अ + ब) या सूत्रावर उभी आहे. विषम संख्येचे दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तर ती संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात लवकर सापडते. पायऱ्या अशा :

पहिली : संख्येच्या वर्गमुळाच्या लगतची मोठी पूर्ण संख्या अ म्हणून घ्या. ४१५००१ साठी अ = ६४५.

दुसरी : अ² मधून संख्या वजा करा. ६४५² = ४१६०२५; वजाबाकी १०२४.

तिसरी : ही वजाबाकी पूर्ण वर्ग आहे का ते पाहा. १०२४ = ३२². आहे.

चौथी : म्हणून ४१५००१ = (६४५ − ३२)(६४५ + ३२) = ६१३ × ६७७.

पहिल्याच प्रयत्नात. पोस्टकार्ड हातात घेऊन मी हे वहीत उतरवले, तेव्हा जवळ बसलेल्या सौभाग्यवतींनी ‘काय झालं?’ असे विचारले. सांगण्यासारखे काय होते?

वजाबाकी पूर्ण वर्ग नसेल तर अ मध्ये १ मिळवून पुन्हा तेच करावे. त्यासाठी नवा वर्ग पहिल्यापासून काढण्याची गरज नसते. जुन्या वर्गात २अ + १ मिळवले की पुढचा वर्ग मिळतो. १२३४५६७८९ ही सर्वांच्या तोंडची संख्या घ्या. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो आणि १३७१७४२१ उरतात. याचे वर्गमूळ ३७०३ च्या पुढे आहे. अ = ३७०४ घेतल्यास ३७०४² = १३७१९६१६, वजाबाकी २१९५. ज्या वर्गाच्या शेवटी ५ असतो त्याच्या शेवटी नेहमी २५ असतात. इथे ९५ आहेत, म्हणून वर्गमूळ न काढताच ही वजाबाकी बाद. आता १३७१९६१६ मध्ये ७४०९ मिळवा, १३७२७०२५ होतात; वजाबाकी ९६०४, आणि ९६०४ = ९८². म्हणजे अवयव ३७०५ − ९८ आणि ३७०५ + ९८, अर्थात ३६०७ आणि ३८०३. दोन्ही मूळ आहेत. एकेका मूळ संख्येने भाग देत गेलो असतो तर ३६०७ ही यादीतील ५०४ वी संख्या आहे. इथे दुसऱ्या पायरीला काम झाले.

पूर्ण वर्ग ओळखताना शेवटचा अंक पाहण्याची सवय लावा. वर्गाच्या शेवटी २, ३, ७ किंवा ८ कधीच येत नाही. शिवाय अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत गेल्यास वर्गासाठी १, ४, ७ किंवा ९ यांपैकीच काही तरी यावे लागते. या दोन चाळण्यांतून बहुतेक वजाबाक्या गळून पडतात.

फर्माने १६४३ मधील एका पत्रात या रीतीने २०२७६५१२८१ चे अवयव पाडून दाखवले आहेत : ४४०२१ × ४६०६१. अ = ४५०३० पासून सुरुवात करून बाराव्या प्रयत्नाला, म्हणजे ४५०४१ ला, हे उत्तर येते. हाताने करून पाहण्यासारखा हा सराव आहे. साधारण अर्धे पान लागते.

५. ही रीत केव्हा सोडून द्यावी

अवयव एकमेकांपासून दूर असतील तर वर्गांतराची रीत तुम्हाला रानोमाळ हिंडवते. ४२९४९६७२९७ ही संख्या, म्हणजे २³² + १, मूळ आहे असे खुद्द फर्माचे मत होते. स्विस गणिती ऑयलर याने १७३२ मध्ये ते चुकीचे ठरवले : ६४१ × ६७००४१७. फर्माच्याच रीतीने हे अवयव शोधायचे तर अ ची किंमत ६५५३७ पासून ३३५०५२९ पर्यंत न्यावी लागते, म्हणजे सुमारे ३२ लाख ८५ हजार वेळा वजाबाकी. साध्या भागाकाराने मात्र ६४१ ही ११६ वीच मूळ संख्या आहे. ऑयलरने त्याहूनही कमी कष्ट घेतले. या संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवाला ६४ ने भागल्यावर १ उरला पाहिजे हे त्याने दाखवले, त्यामुळे तपासायला १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ एवढ्याच राहिल्या.

माझी पद्धत अशी आहे : लहान अवयव पूर्णपणे काढून टाकावेत, मग वर्गांतराचे वीस-पंचवीस प्रयत्न करावेत, आणि तरीही काही सापडले नाही तर यादी उघडून मुकाट्याने भागाकार सुरू करावेत. सम संख्येवर किंवा ३ ने भाग जाणाऱ्या संख्येवर थेट वर्गांतराची रीत लावणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.

आजच्या संगणकीय कुलपांमध्ये दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार वापरला जातो, आणि त्या दोन संख्या एकमेकींच्या फार जवळ असू नयेत अशी काळजी घेतली जाते, ती याच रीतीच्या भीतीने. साताऱ्याचा पिनकोड हे अशा कच्च्या कुलपाचे छोटे उदाहरण म्हणता येईल.

६. अवयवांवरून गुणधर्म काढा

विभाजकांची संख्या : प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा. सांगलीसाठी घातांक ५, १, १, २; म्हणून ६ × २ × २ × ३ = ७२. साताऱ्यासाठी २ × २ = ४. मार्केट यार्डात हळदीची ४१६४१६ पोती समान थप्प्यांमध्ये रचायची असतील तर थप्प्यांची संख्या ७२ प्रकारे ठरवता येईल. पोती ४१५००१ असतील तर एकच मोठी थप्पी किंवा प्रत्येक पोते वेगळे हे दोन हास्यास्पद पर्याय सोडल्यास ६१३ थप्प्या किंवा ६७७ थप्प्या एवढेच उरते.

विभाजकांची बेरीज : प्रत्येक मूळ अवयवासाठी १ पासून त्याच्या सर्वांत मोठ्या घातापर्यंतची बेरीज करा आणि त्या बेरजांचा गुणाकार करा. २⁵ साठी १ + २ + ४ + ८ + १६ + ३२ = ६३; ७ साठी ८; ११ साठी १२; १३² साठी १ + १३ + १६९ = १८३. गुणाकार ११०६७८४. सर्वाधिक चुका १३² मध्ये होतात : १४ × १४ = १९६ असे धरले की उत्तर बिघडते. या बेरजेतून दिलेली संख्या वजा केली की ६९०३६८ उरतात. ते ४१६४१६ पेक्षा अधिक आहेत, म्हणून सांगलीचा पिनकोड विपुल संख्या आहे. साताऱ्यासाठी बेरीज ६१४ × ६७८ = ४१६२९२; वजाबाकी अवघी १२९१, म्हणून तो न्यून.

सहमूळ संख्यांची मोजणी, म्हणजे ऑयलरचे फाय : १ पासून त्या संख्येपर्यंत अशा किती संख्या आहेत की ज्यांचा तिच्याशी मसावि १ आहे? प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक एकने कमी करून आलेल्या घाताला, त्या अवयवातून १ वजा करून गुणावे. सांगलीसाठी १६ × ६ × १० × (१३ × १२) = १४९७६०. साताऱ्यासाठी ६१२ × ६७६ = ४१३७१२.

पूर्ण वर्ग आहे का, याचे उत्तर घातांकांकडे पाहूनच मिळते : सगळे सम असतील तर होय, अन्यथा नाही.

७. ताळा घ्या, आणि दोन प्रकारे घ्या

अवयवांचा गुणाकार पुन्हा करून पाहणे हा सर्वांत पक्का ताळा आहे. त्याआधी अंकांच्या बेरजेचा झटपट ताळा घ्यावा : ६१३ चा १ उरतो, ६७७ चे २, गुणाकार २, ४१५००१ च्या अंकांची बेरीज ११, म्हणजे २. जुळले. परंतु अंकांची अदलाबदल झालेली असेल तर ही बेरीज बदलत नाही, आणि ती चूक इथे निसटते. त्यासाठी ११ चा ताळा घ्यावा, म्हणजे उजवीकडून एक अंक मिळवत व एक वजा करत जावे. ६१३ चे ८, ६७७ चे ६, गुणाकार ४८, त्याला ११ ने भागून बाकी ४. ४१५००१ ची अशी बेरीज −७, त्यात ११ मिळवले की ४. शेजारच्या दोन वेगवेगळ्या अंकांची अदलाबदल या ताळ्यातून कधीही सुटत नाही.

अवयव स्वतः मूळ आहेत ना, तेही तपासायचे असते. ६१३ आणि ६७७ या दोहोंसाठी २३ पर्यंतच्या नऊ मूळ संख्या पुरतात.

८. आता बारा अंकी संख्या

२९३३१८६२५६०० ही संख्या पाहून घाबरू नका. शेवटी दोन शून्ये आहेत, म्हणजे १०० = २² × ५² बाहेर काढा; उरतात २९३३१८६२५६. चार वेळा २ ने भाग जातो आणि १८३३२४१४१ उरतात. अंकांची बेरीज २७, म्हणून ९ ने भागा : २०३६९३४९. अंकांची बेरीज ३६, पुन्हा ९ ने भागा : २२६३२६१. आता तीनचे गट : २६१ − २६३ + २ = ०. म्हणजे १००१ ने भाग जातो आणि २२६१ उरतात. २२६१ = ७ × ३२३, आणि ३२३ = १८² − १² = १७ × १९. सगळे मिळून

२⁶ × ३⁴ × ५² × ७² × ११ × १३ × १७ × १९.

विभाजकांची संख्या ७ × ५ × ३ × ३ × २ × २ × २ × २ = ५०४०. तिच्याहून लहान असलेल्या कोणत्याही संख्येला इतके विभाजक नाहीत. अशा संख्यांना अतिसंयुक्त संख्या म्हणतात. रामानुजन यांनी १९१५ मधील आपल्या प्रबंधात अशा १०२ संख्यांची यादी दिली होती. ती ६७४६३२८३८८८०० पर्यंत जाते आणि तिच्यात नेमकी ही एक संख्या राहून गेली आहे.

९. यंत्रावर काम करताना

संगणकावरील स्प्रेडशीट साधारणपणे पहिले पंधरा अंकच जपते आणि त्यापुढच्या अंकांच्या जागी शून्ये ठेवते. मी एकदा अठरा अंकी संख्या भरली, तिचे शेवटचे तीन अंक गुपचूप शून्य झाले, आणि मी १२५ ने भाग जातो अशी नोंद वहीत करून बसलो. मोठ्या संख्यांसाठी पायथॉन ही संगणकाची भाषा वापरावी, कारण तिच्यात पूर्णांकाला अंकांची अशी मर्यादा नसते. किंवा लिनक्स या संगणकप्रणालीवरील ‘फॅक्टर’ ही आज्ञा वापरावी, ती थेट अवयवच देते. मात्र पायथॉनमध्ये तिरक्या रेघेचा साधा भागाकार केला की उत्तर दशांशात येते आणि पुन्हा तोच घोळ होतो. दोन तिरक्या रेघांचा पूर्णांकी भागाकार करावा आणि बाकी वेगळी काढावी.

संख्या न च्या बाबतीत २ चा (न − १) वा घात काढून त्याला न ने भागले आणि बाकी १ आली, तर न मूळ आहे, असेही काही जण सांगतात. ते पुरेसे नाही. ३४१ ही कसोटी उत्तीर्ण होते, आणि ३४१ = ११ × ३१. १७२९ तर २ च्या जागी तिच्याशी सहमूळ असलेली कोणतीही संख्या घेतली तरी उत्तीर्ण होते, आणि १७२९ = ७ × १३ × १९. २ सोडल्यास या कसोटीत नापास झालेली संख्या नक्की संयुक्त असते. पास झालेलीबद्दल मत राखून ठेवावे. कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि वाजवी वेळात ठरवणारी रीत २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी दिली. पण तिच्यातून अवयव मिळत नाहीत, संख्या मूळ आहे की संयुक्त एवढेच समजते.

सरावासाठी मिरजेचा पिनकोड घ्या : ४१६४१०. शेवटच्या शून्याचे २ आणि ५ बाजूला काढल्यावर ४१६४१ उरतात. वर्गमूळ २०४ च्या किंचित पुढे आहे, म्हणजे यादीतील १९९ पर्यंतच्या ४६ मूळ संख्या. मी पूर्वी थांबलो होतो ती हीच जागा. इथे मात्र तिथपर्यंत जाणे पुरेसे आहे. उत्तर लिहीत नाही.